अमेरिकन गेम शोचे जुने होम गेम जमवायचेत? मग आधी हे वाचा

व्हील ऑफ फॉर्च्युन, जेपर्डी, द प्राइस इज राइट, फॅमिली फ्यूड असले शो बघता बघता कधीतरी डोक्यात येतं की अरे, ह्याचा घरी खेळायचा जुना बोर्ड गेम, म्हणजे होम गेम, आपल्याकडे हवा. मग माणूस ईबेवर जातो, पहिला दिसतो तो चकाचक बॉक्स उचलतो, आणि घरी आल्यावर कळतं की आतला फिरवायचा काटाच गायब आहे. मी बरीच वर्षं हे जमवतोय, अमेरिकेत राहून आणि मधे काही काळ भारतातून पण, आणि नवीन येणाऱ्या प्रत्येकाला तेच तेच प्रश्न पडतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच. ह्या छंदात बॉक्स विकत घ्यायचा नसतो, आतला खेळ विकत घ्यायचा असतो. झाकणावरचं चित्र फोटोत छान दिसतं, पण किंमत, मजा आणि इतिहास सगळा आतल्या पुस्तिकेत आणि बारीकसारीक सामानात आहे. आणि इतिहास हा शब्द उगाच वापरत नाहीये. आर्ट फ्लेमिंग होस्ट असलेला मूळ जेपर्डी एनबीसी चॅनेलवर ३० मार्च १९६४ ला सुरू झाला आणि जानेवारी १९७५ पर्यंत चालला, पण त्याचे बहुतेक भाग आज शिल्लकच नाहीत, त्या काळी टेप महाग म्हणून चॅनेलवाले त्या पुसून पुन्हा वापरायचे. त्यामुळे तो शो कसा खेळला जायचा हे हातात धरून बघायचं तर तेव्हाचा होम गेम आणि त्याची नियमांची पुस्तिका हाच एक चांगला मार्ग उरतो. म्हणून पुस्तिका नसलेला गेम कितीही स्वस्त असला तरी मी सहसा सोडून देतो.

१. काय जमवायचं नाही ते ठरवा

हे सगळ्यात आधी. कारण पासवर्ड ह्या एका शोच्याच मिल्टन ब्रॅडली ह्या कंपनीने १९६२ पासून १९८६ पर्यंत २४ आवृत्त्या काढल्या, नंबर २५ पर्यंत जातात कारण १३ अशुभ म्हणून तो आकडाच वगळलाय. (होय, तिकडेही असतं हे सगळं.) एकाच शोच्या एवढ्या आवृत्त्या, वर जेपर्डी, कॉन्सन्ट्रेशन, मॅच गेम ह्या शोंच्या वेगळ्या. सगळं जमवायला गेलात तर घरात चालायला जागा उरणार नाही आणि घरातल्यांचा संयम त्याआधीच संपेल.

हद्द घालायच्या माझ्या मते तीनच कामाच्या पद्धती आहेत. एक, एकच शो घ्या आणि त्याच्या सगळ्या आवृत्त्या, व्हिडिओ गेम, तिकिटं असं सगळं जमवा. दोन, प्रत्येक शोची फक्त पहिली आवृत्ती. तीन, एक दशक घ्या. मी दुसरी पद्धत पाळतो आणि नवख्यांना पण तीच सांगेन, कारण त्यात दर वेळी नवीन खेळ हातात येतो. आवृत्ती पाच आणि आवृत्ती सहा ह्यात शब्दांची कार्डं सोडली तर फारसा फरक नसतो, एका मर्यादेनंतर कंटाळा येतो. अर्थात नंबर लावून पूर्ण सेट करण्यात ज्यांना सुख आहे त्यांना कोण अडवणार.

२. कंपन्यांची तोंडओळख

झाकणाच्या कोपऱ्यातलं कंपनीचं नाव वाचता आलं की अर्धं काम होतं. साधारण चार नावं लक्षात ठेवा.

लॉवेल ही न्यूयॉर्कची कंपनी, १९५० च्या दशकातली. 'द सिक्स्टी फोर थाउजंड डॉलर क्वेश्चन' हा शो १९५५ साली सीबीएसवर आला आणि लॉवेलने लगेच त्याचा होम गेम काढला. 'ट्वेंटी वन' चा पण त्यांचाच. हे ते शो आहेत ज्यांच्यावर स्पर्धकांना आधीच उत्तरं दिल्याचा आरोप झाला, १९५८ पासून मोठा गाजावाजा, १९५९ ला अमेरिकन काँग्रेससमोर सुनावण्या, आणि १९६० ला असं काही करणं कायद्यानेच गुन्हा ठरलं. त्या भानगडीमुळे ह्या डब्यांना गेम शोवाल्यांच्या पलीकडचंही गिऱ्हाईक असतं, म्हणून भाव चढे असतात. सुरुवात इथून करू नका.

मिल्टन ब्रॅडली म्हणजे ह्या धंद्यातला मोठा भाऊ. कंपनी १८६० ची, मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डची, १९८४ मध्ये हॅस्ब्रोने घेतली. १९६० आणि ७० च्या दशकातलं तुम्हाला हवं असलेलं बहुतेक सामान ह्यांचंच असणार.

प्रेसमन, १९८० च्या मध्यापासून पुढचं. होस्ट सॅजक आणि त्याची जोडीदार व्हॅना व्हाइट ह्यांच्या काळातलं व्हील, होस्ट ट्रेबेकच्या काळातला जेपर्डी. भरपूर छापले गेले त्यामुळे भरपूर मिळतात, आणि 'व्हिंटेज, रेअर' असं लिहून जो चढा भाव लावतो त्याच्याकडे बघायचं पण नाही.

एंडलेस गेम्स ही १९९६ मध्ये सुरू झालेली, म्हणजे तशी नवीन. खेळायला उत्तम, जमवायला अजून घाई नाही. पाहुणे आल्यावर खेळायचा गेम ह्यांचा ठेवा आणि जुना कपाटातच राहू द्या.

३. वर्ष कसं काढायचं

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात म्हणून जरा सविस्तर.

झाकणावर कॉपीराइटचं वर्ष छापलेलं असतं, आणि विक्रेता तेच टायटलमध्ये टाकतो. पण ते वर्ष बऱ्याचदा पहिल्या आवृत्तीचं असतं, पुढच्या आवृत्त्यांवर तेच तसंच छापत राहिले. म्हणजे १९६४ लिहिलंय म्हणून डबा १९६४ चा असेलच असं अजिबात नाही. आधी झाकणावर आवृत्तीचा नंबर शोधा, बाजूच्या पट्टीवर पण बघा, आणि तो कुठेच नसेल तर पहिली आवृत्ती असण्याची शक्यता आहे, पण नुसती शक्यता.

त्याहून भरवशाची खूण म्हणजे खेळातले आकडे. जेपर्डीचंच बघा. फ्लेमिंगच्या काळात पहिल्या फेरीत प्रश्न १० ते ५० डॉलरचे आणि दुसऱ्या फेरीत २० ते १०० चे होते. १९८४ मध्ये ट्रेबेकसोबत शो परत आला तेव्हा ते १०० ते ५०० आणि २०० ते १००० झाले. नोव्हेंबर २००१ मध्ये ते परत दुप्पट केले, म्हणजे २०० पासून १००० आणि ४०० पासून २०००. आता कोणी तुम्हाला '८० च्या दशकातला जेपर्डी' म्हणून डबा दाखवला आणि बोर्डावर पहिल्याच रांगेत १० डॉलर दिसले तर समजायचं की विक्रेत्याला स्वतःलाच माहीत नाही आपल्या हातात काय आहे. असल्या वेळी गप्प राहून विकत घ्यावं.

कॉन्सन्ट्रेशनला चौकोन मोजा. १९५८ साली सुरू झालेल्या मूळ शोमध्ये बोर्डावर ३० आकडे होते, १९८७ च्या क्लासिक कॉन्सन्ट्रेशनमध्ये २५.

व्हीलचं वेगळं. शो ६ जानेवारी १९७५ ला सुरू झाला, तेही जेपर्डी बंद झाला त्याच्याच जागेवर, आणि तेव्हा होस्ट होता चक वूलरी. सॅजक १९८१ च्या शेवटी आला, व्हॅना व्हाइट १९८२ मध्ये. त्यामुळे झाकणावर व्हॅना असेल तर तो १९७५ चा मिल्टन ब्रॅडली असूच शकत नाही, विक्रेत्याने काहीही लिहिलेलं असो. शिवाय सुरुवातीच्या काळात स्पर्धक जिंकलेल्या पैशातून तिथेच मांडलेल्या वस्तू खरेदी करायचा, सोफा, टीव्ही, कसली तरी चिनी मातीची मोठी मूर्ती वगैरे, ते शॉपिंग १९८० च्या दशकाच्या शेवटी बंद झालं. नियमांच्या पुस्तिकेत खरेदीचा भाग आहे का ते वाचलं की काळ ओळखता येतो.

'हू वॉन्ट्स टू बी अ मिलियनेअर' (आपल्या केबीसीचं मूळ) हा आधी ब्रिटनचा शो, सप्टेंबर १९९८ चा, अमेरिकेत ऑगस्ट १९९९ ला आला. त्यामुळे दोन्हीकडचे बोर्ड गेम फिरत असतात आणि फोटोत सारखेच दिसतात. पैशाच्या शिडीवर पाउंडचं चिन्ह आहे की डॉलरचं तेवढं झूम करून बघा.

४. आत काय काय असायला हवं

'कम्प्लीट' हा शब्द ह्या धंद्यात फार सैल वापरतात. विक्रेत्याने डबा उघडला, आत भरपूर सामान दिसलं, लिहिलं कम्प्लीट. त्याचा दोष नाही, त्याने तो गेम आयुष्यात खेळलेला नसतो. तपासायचं आपण.

पहिलं म्हणजे झाकणाच्या आतली बाजू किंवा पुस्तिकेचं पहिलं पान, तिथे सामानाची यादी असते. तिचा फोटो मागा आणि त्यावर एकेक टिक करत जा.

पासवर्डमध्ये कार्डांवरचा शब्द लाल नक्षीखाली लपवलेला असतो आणि ते कार्ड छोट्या पाकिटात सरकवलं की पाकिटाच्या लाल खिडकीतून शब्द दिसतो. ती लाल फिल्म कालांतराने सुटते, वाकते, कधी पूर्णच जाते. कार्डं सगळी आहेत पण पाकीट नाही तर खेळता येत नाही. त्यामुळे फोटोत पाकीट उघडं दिसलं पाहिजे आणि खिडकी शाबूत दिसली पाहिजे.

कॉन्सन्ट्रेशन हा माझा सगळ्यात लाडका आणि सगळ्यात नाजूक. त्यात चित्रकोड्यांची एक लांबच लांब कागदी गुंडाळी असते, दोन दांड्यांवर, खटका फिरवला की पुढचं कोडं बोर्डाखाली येतं. मुलांनी ती खसाखसा फिरवलेली असते त्यामुळे कागदाच्या कडा फाटतात, आणि एकदा कड फाटली की पुढच्या फेरीला ती दांड्यात अडकून अख्खी गुंडाळी आडवी फाटते. विक्रेत्याला सांगा की गुंडाळी पाचसहा कोड्यांपर्यंत हळूच फिरवून दोन्ही कडांचे फोटो पाठव. नाही म्हणाला तर गुंडाळी फाटलेली आहे असं धरूनच भाव करा. बाकी आकड्यांचे ३० तुकडे, बक्षिसांची कार्डं जोड्यांमध्ये, आणि वाइल्ड कार्डं बघा, जोडीतलं एक कार्ड हरवलेलं असणं अगदी नेहमीचं.

जुन्या जेपर्डीत पत्र्याचे टिकटिक वाजणारे छोटे क्लिकर असतात, तेच पहिल्यांदा हरवतात कारण मुलं ते वेगळे काढून खेळतात. सगळे वाजतात का विचारा, गंज आहे का विचारा. नोटा मोजा. आणि नोटांवर शोचं नाव किंवा नक्षी जुळते का पण बघा, कारण कमी पडलेल्या नोटा दुसऱ्याच गेममधून भरून ठेवायची लोकांना सवय आहे.

प्राइस इज राइटला वस्तूंची कार्डं, फॅमिली फ्यूडला सर्व्हेची पुस्तिका. व्हीलला काटा किंवा चाक, ते फिरतं का आणि मधली टाचणी सैल झालीय का.

आता एक खास सापळा, ह्याला जमवणारे लोक 'मॅरिड सेट' म्हणतात. दोन अर्धवट डबे एकत्र करून एक पूर्ण केलेला. बोर्ड तिसऱ्या आवृत्तीचा, प्रश्नांची पुस्तिका आठव्या आवृत्तीची. खेळायला काहीच अडचण नाही, पण पहिली आवृत्ती म्हणून पैसे घेत असतील तर अडचण आहे. पुस्तिकेवर आवृत्ती छापलेली असेल तर ती झाकणाशी जुळवा, आणि कागदाचा रंग बघा, एकाच डब्यात साठ वर्षं पडलेले कागद साधारण सारखेच पिवळे होतात, एखादाच पांढराफटक असेल तर प्रश्न विचारा.

५. हाताशी काय ठेवायचं

- सामानाच्या याद्या. बोर्डगेमगीक ह्या साइटवर बऱ्याच जुन्या गेमचे आतले फोटो सापडतात. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या द स्ट्राँग म्युझियमचा ऑनलाइन संग्रह पण बघा, तिथे गेम शोच्या इतिहासाचं वेगळं अर्काइव्ह उभं करायचं त्यांनी २०२१ मध्ये जाहीर केलं
- मोजपट्टी आणि छोटा वजनकाटा, शिपिंगसाठी
- भिंग किंवा फोनचा मॅक्रो कॅमेरा
- ॲसिड-फ्री टिश्यू पेपर, झिपलॉक पिशव्या, सिलिका जेल
- पांढरा पीव्हीए गोंद आणि मऊ ब्रश
- सुती हातमोजे लागत नाहीत, स्वच्छ कोरडे हात पुरतात

कागदपत्रं म्हणाल तर प्रत्येक खरेदीची पावती, लिस्टिंगचा स्क्रीनशॉट (लिस्टिंग नंतर गायब होते) आणि विक्रेत्याशी झालेलं बोलणं साइटच्या मेसेजमध्येच ठेवा. फोनवर ठरवलेलं पुढे भांडताना उपयोगी पडत नाही.

६. कुठे शोधायचं

तुम्ही अमेरिकेत असाल तर गराज सेल, इस्टेट सेल (अख्ख्या घरातलं सामान विकायला काढतात तो) आणि गुडविलसारखी थ्रिफ्ट, म्हणजे वापरलेल्या वस्तूंची दुकानं. इस्टेट सेल सगळ्यात उत्तम, कारण तिथे एकाच घरात पन्नास वर्षं राहिलेलं सामान निघतं आणि गेम बहुतेक वेळा मूळ मालकाचाच असतो, मॅरिड सेट होण्याची शक्यता कमी. तळघरातलं आणि माळ्यावरचं आधी बघा. अर्थात तळघरातलं म्हणजे ओल आणि माळ्यावरचं म्हणजे उन्हाळ्यातली भट्टी, दोन्हीकडे डब्याचे हाल झालेले असतात, सगळ्यात नशीबवान डबे ते जे बेडरूमच्या कपाटात वर पडून राहिले.

थ्रिफ्ट दुकानात प्रेसमनचे डबे काही डॉलरला मिळतात. डबा तिथेच उघडून बघा, टेप लावलेली असेल तर काउंटरवर विचारून उघडा, कोणी नाही म्हणत नाही.

ईबेवर भाव बघताना मागितलेली किंमत बघूच नका, 'सोल्ड आयटम्स' चा फिल्टर लावा आणि खरोखर काय भावाने गेलं ते बघा. एकच डबा कोणी महिनोन्महिने अवाच्या सवा किमतीला लावून बसलेला असतो, तो भाव नाही, ती त्याची इच्छा आहे. सर्च करताना चुकीची स्पेलिंग पण टाकून बघा, जेपर्डीचं स्पेलिंग चुकवणारे भरपूर आहेत आणि त्यांच्या लिस्टिंगवर गर्दी नसते.

७. विक्रेत्याला विचारायचे प्रश्न

मेसेज छोटा आणि नम्र ठेवा, चार प्रश्न पुरे. नियमांची पुस्तिका आहे का. झाकणाच्या चारही कोपऱ्यांचे फोटो मिळतील का. आतलं सगळं सामान टेबलावर पसरून एक फोटो काढाल का. आणि डब्याला कुबट वास येतो का.

शेवटचा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि तोच सगळ्यात महागात पडतो. बुरशीचा वास फोटोत दिसत नाही, आणि असा एक डबा कपाटात ठेवला की आठवड्याभरात शेजारचे डबे पण तसेच वास मारायला लागतात. सिगरेटचा वास पण विचारा.

आणि ते 'शोमध्ये स्पर्धकाला मिळालेला गेम' प्रकरण. हरलेल्या स्पर्धकाला जाताना शोचा होम गेम द्यायची जुनी पद्धत होती हे खरं, निवेदक ते ऐटीत जाहीर पण करायचा. पण तो डबा आणि दुकानातला डबा ह्यात सहसा काही फरक नसतो. त्यामुळे चॅनेलचं किंवा निर्मात्याचं पत्र, त्या भागाची तारीख, स्पर्धकाचं नाव असं काही कागदावर नसेल तर त्या गोष्टीचे जास्तीचे पैसे शून्य. गोष्ट ऐकून घ्या, छान म्हणा, आणि दुकानातल्या डब्याचाच भाव द्या.

८. शिपिंग

गेमपेक्षा शिपिंग महाग पडणं ह्या छंदात रोजचंच आहे, कारण डबे मोठे आणि आतून पोकळ, आणि कुरियरवाले आकारमानावर पण पैसे लावतात. दोन गोष्टी सांभाळा. पहिली, विक्रेता 'मीडिया मेलने स्वस्तात पाठवतो' म्हणाला तर नको म्हणा. अमेरिकन पोस्टाचा तो दर पुस्तकं, रेकॉर्डिंग असल्या गोष्टींसाठी आहे, बोर्ड गेम त्यात बसत नाहीत, पोस्टाला पार्सल उघडून तपासायचा अधिकार आहे आणि उरलेले पैसे तुमच्या दारात मागितले जाऊ शकतात. दुसरी, डब्यावर थेट पत्त्याचं लेबल चिकटवून पाठवू नका असं स्पष्ट लिहा. हसू नका, खरंच पाठवतात.

आतलं सामान पिशव्यांमध्ये, मग झाकण आणि डब्यामधली रिकामी जागा कागदाने भरून, मग बाहेरून मोठा खोका आणि सगळीकडून दोन इंच भरणा. डब्यावर रबरबँड नको, तो कोपरे चिरतो.

भारतात मागवत असाल तर कस्टम ड्यूटी लागू शकते ते धरून चाला. त्यापेक्षा अमेरिकेतल्या कोणाच्या तरी घरी दोनचार गेम साठू द्यायचे आणि येणाऱ्याच्या बॅगेतून आतलं सामान एकीकडे, डबा सपाट कपड्यांच्या मधे असं आणायचं. येणाऱ्याला आधी आकार सांगा. लॉवेलचा डबा म्हणजे हँडबॅगेत बसेल असं समजून हो म्हटलेली माणसं नंतर फोन उचलत नाहीत.

९. डब्यापलीकडचं सामान

जागा कमी असेल तर इथे या. शूटिंगची जुनी प्रेक्षक तिकिटं सपाट असतात, एका फाइलमध्ये शंभर मावतात, आणि त्यांच्यावर तारीख, स्टुडिओ, वेळ सगळं छापलेलंच असतं त्यामुळे वर्षाचा वाद नाही. प्राइस इज राइटची, सीबीएस टेलिव्हिजन सिटी ह्या लॉस एंजेलिसमधल्या स्टुडिओच्या पत्त्याची तिकिटं भरपूर फिरतात. शो २०२३ मध्ये तिथून ग्लेंडेलला हलला, त्यामुळे त्या पत्त्याचं तिकीट आता नव्याने छापलं जाणार नाही, पण म्हणून लगेच दुर्मीळ वगैरे समजू नका, पन्नास वर्षं छापलीत.

त्याच शोचे किमतीच्या टॅगच्या आकाराचे पिवळे नावाचे स्टिकर पण विकायला येतात. हाताने लिहिलेलं नाव, एवढंच काय ते. घरी बनवायला पाच मिनिटं लागतात. सोबत स्टुडिओतला फोटो किंवा त्या दिवसाचं तिकीट नसेल तर सोडा.

प्रसिद्धीचे काळेपांढरे फोटो घेताना पाठ बघा, नुसता चेहरा नाही. चॅनेलने वर्तमानपत्रांना पाठवलेल्या खऱ्या फोटोच्या मागे टाइप केलेली मजकुराची पट्टी चिकटवलेली असते किंवा शिक्के असतात. मागे कोरा चकचकीत कागद असेल तर बहुतेक नंतरची प्रत.

सह्या. ट्रेबेक नोव्हेंबर २०२० मध्ये गेल्यावर त्याच्या सहीचे फोटो अचानक सगळीकडे दिसायला लागले, ह्यावरून काय ते समजा. सहीच्या नादाला नवख्याने लागूच नये असं माझं स्पष्ट मत.

व्हिडिओ गेममध्ये गेमटेक ह्या कंपनीचं नाव लक्षात ठेवा, निन्टेंडोच्या एनईएस ह्या जुन्या गेम मशीनवरचे व्हील आणि जेपर्डी त्यांचेच, १९८० च्या दशकाच्या शेवटचे. नुसतं कार्ट्रिज स्वस्त मिळतं, डबा आणि पुस्तिकेसकट घ्यायचं तर जरा थांबावं लागतं. 'प्रेस युवर लक' चा १९८८ चा कॉम्प्युटर गेम पण गेमटेकचाच. हा तोच शो ज्यात १९८४ मध्ये मायकल लार्सन नावाच्या माणसाने बोर्डाचे दिवे कोणत्या क्रमाने फिरतात ते पाठ करून १,१०,२३७ डॉलर नेले. ह्या गेमची फ्लॉपी चालेलच ह्याची खात्री नाही, फ्लॉपीचं वय झालेलं असतं, डब्यासाठी घ्यायची.

टायगर कंपनीचे हातात धरून खेळायचे इलेक्ट्रॉनिक व्हील आणि जेपर्डी घेताना बॅटरीचं झाकण उघडून फोटो मागा. आत हिरवट पांढरी पूड साचली असेल तर बॅटरी गळलीय. थोडीच असेल तर व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून, नंतर कोरडं करून चालू होतं, पत्रीच खाल्ली गेली असेल तर विसरा. जास्तीचं कार्ट्रिज असेल तर त्याची पुस्तिका सोबत आहे ना तेही बघा.

१०. डबा घरी आल्यावर

लगेच बाकीच्या गेमसोबत ठेवू नका. दोन आठवडे वेगळ्या खोलीत, झाकण उघडं ठेवून. कसर, झुरळाची अंडी, बुरशी जे काय असेल ते तेवढ्यात कळतं. कुबट वास हलका असेल तर मोठ्या प्लास्टिकच्या डब्यात गेम ठेवा आणि शेजारी वाटीत खाण्याचा सोडा, गेमला न लागता, झाकण बंद. जातो बराचसा. उन्हात वाळवायचा मोह होतो पण झाकणाचा लाल रंग उन्हात फार लवकर उडतो, सावलीतच ठेवा.

फाटलेल्या कोपऱ्यांना सेलोटेप अजिबात लावायची नाही. ती दहा वर्षांत पिवळी पडते, गोंद कागदात झिरपतो आणि मग ती काढताना चित्रच सोबत निघतं. कोपरा आतून पातळ टिश्यूची पट्टी आणि पीव्हीए गोंदाने जोडा, वर वजन ठेवा, रात्रभर सोडा. आधीच्या मालकाने लावलेली टेप असेल आणि ती घट्ट बसली असेल तर तशीच राहू द्या. दुकानाचा जुना किमतीचा स्टिकर तर काढूच नका, कोणत्या दुकानात किती सेंटला होता ते वाचण्यातच मजा आहे.

आतले जुने रबरबँड मात्र पहिल्याच दिवशी काढा. ते वितळून कार्डांना चिकटतात आणि तपकिरी डाग कायमचा राहतो. कार्डं कागदी पट्टीत गुंडाळा.

डबे आडवे ठेवायचे, उभे केले की आतलं सामान एका बाजूला घरंगळतं आणि झाकणाची कड फुगते. एकावर एक चारपाच, मोठा खाली. बाहेरच्या भिंतीला टेकून नको.

११. नोंद ठेवा

साधी एक्सेल शीट पुरे. शो, कंपनी, आवृत्ती, झाकणावरचं वर्ष, खरं वर्ष (अंदाज असेल तर तसं लिहा), काय कमी आहे, कुठून घेतला, शिपिंगसकट किती पडला. 'काय कमी आहे' हा रकाना सगळ्यात जास्त कामाला येतो, कारण मग एखादा फाटका, झाकण नसलेला डबा दोन डॉलरला दिसला तरी फोनवर शीट उघडून बघता येतं की अरे, ह्यातले दोन क्लिकर आणि पन्नासची नोट आपल्याला हवीच आहे. असे फाटके डबे टाकू नका, सुट्या भागांसाठी एक वेगळा खोका करा. फक्त दुसऱ्या डब्यातून काही भरलं की शीटमध्ये तसं लिहा, आणि पुढे कधी विकाल तेव्हा घेणाऱ्याला पण सांगा. नियमांची पुस्तिका स्कॅन करून ठेवा, आणि कोणाकडे पुस्तिका नसेल आणि त्याने मागितली तर त्याला स्कॅन पाठवून द्या.